वातोची ‘फेत गालांत’ चित्रं: ओळखायची कशी, वाचायची कशी?

रंगफळी

नमस्कार मंडळी,

आंत्वान वातो (१६८४–१७२१) या फ्रेंच चित्रकारावर विद्यार्थ्यांसाठी टिपण काढतो आहे. पुस्तकांत ‘स्वप्नवत’, ‘तरल’, ‘उदास गोडवा’ अशी विशेषणं ढिगानं मिळतात. पण समोरचं चित्र वातोचं की त्याच्या मागून आलेल्या कुणाचं, हे त्यांवरून ठरवता येत नाही. म्हणून नेमकं विचारतो.

१. ‘फेत गालांत’ म्हणायचं कशाला? बागेत नटूनथटून बसलेली मंडळी दिसली की झालं?
२. पातेर आणि लांक्रे या त्याच प्रकारची चित्रं काढणाऱ्या दोघांपासून वातो वेगळा काढायच्या खुणा कोणत्या?
३. सिथेरा (प्रेमदेवता व्हीनसचं बेट) या बेटाच्या चित्रात जोडपी बेटाकडे निघाली आहेत की बेटावरून परतताहेत?
४. त्याची तीन खडूंची रेखाटनं वर्गात करून घ्यायची तर साहित्य काय आणि क्रम काय?
५. त्याची इतकी चित्रं तडकलेली आणि काळवंडलेली का?

विशेषणं नकोत, डोळ्यांना दिसेल असं काही सांगा.

---

चित्रवाचक

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं बरीचशी त्यातच आहेत.

‘शृंगारिक उत्सव’ असं भाषांतर केलंत की घोळ होतो. ‘गालांत’ या शब्दात शृंगारापेक्षा रीत जास्त आहे. स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी कसं बोलावं, कसं ऐकावं, कितपत जवळ जावं आणि कधी मागे सरावं, याची ती रीत. म्हणून या चित्रांत खाणंपिणं जवळजवळ नाही, बोलणं आणि वाजवणं भरपूर.

शब्द कागदावर कसा आला तेही मजेशीर आहे. वातोला पॅरिसच्या राजेशाही चित्र-शिल्प अकादमीनं १७१२ मध्ये उमेदवार म्हणून घेतलं आणि प्रवेशचित्राचा विषय, नेहमीच्या प्रथेविरुद्ध, त्याच्या मर्जीवर सोडला. त्यानं पाच वर्षं लावली. २८ ऑगस्ट १७१७ ला चित्र दाखल झालं तेव्हा नोंदवहीत आधी ‘सिथेरा बेटाची यात्रा’ असं लिहिलं गेलं, मग ते खोडून ‘एक फेत गालांत’ असं केलं. ‘अकादमीनं त्याच्यासाठी नवा दर्जा निर्माण केला’ हे वाक्य सगळीकडे सापडेल, पण नोंद एवढं मोठं काही म्हणत नाही. ती चित्राचं वर्णन करते. दर्जा मागून आला: १७१९ मध्ये लांक्रे आणि १७२८ मध्ये पातेर याच प्रकाराचे चित्रकार म्हणून आत घेतले गेले.

आता डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. जागा बहुधा उद्यान, तेही छाटलेलं नव्हे. झाडं वाढून वर कमान झालेली. एखादा दगडी पुतळा. एखादं वाद्य, बहुतेक वेळा गिटार किंवा म्युझेत, म्हणजे काखेत भाता दाबून वाजवायची छोटी मशकबीन. कुणीतरी पाठमोरं. कुणीतरी घोळक्यातून निघालेलं. आणि घटना? नाही. ‘इथे काय चाललंय?’ या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देता येत नसेल तर तुम्ही योग्य चित्रापाशी आहात.

आकार बहुधा लहान. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं वातोचं ‘मेझतां’ हे चित्र जेमतेम ५५ × ४३ सेंमी, एडिंबराचं ‘फेत व्हेनिसियेन’ ५६ × ४६. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली ‘सिथेरा’ (१२९ × १९४) आणि ‘पिएरो’ (१८५ × १५०) ही चित्रं अपवाद. स्लाइड दाखवताना हे मुद्दाम सांगा. भिंतभर प्रक्षेपित केलेला ‘मेझतां’ पाहून मुलं तो तेवढाच मोठा समजतात, आणि मग त्यातली कुजबुज ऐकू येत नाही.

कपडे हा मोठा सापळा. वातोच्या चित्राचा काळ वेशावरून ठरवायला जाऊ नका. एकाच घोळक्यात तीन प्रकारचे कपडे असतात. पाठीवरून चुण्यांनी खाली सुटणारा सैल झगा त्याच्याच दिवसांतला (या चुण्यांना ‘वातो प्लीट’ हे नाव मात्र खूप नंतर, एकोणिसाव्या शतकात पडलं). गळ्याभोवतीची चुणीदार कॉलर शंभर वर्षं जुनी, फ्लेमिश चित्रकार रुबेन्सच्या चित्रांतून उचललेली. आणि तिसरे कपडे इटालियन रंगभूमीचे: पिएरो पांढऱ्या ढगळ कपड्यांत, मेझतां पट्ट्यापट्ट्यांच्या अंगरख्यात, हार्लेक्विन चौकटीचौकटींच्या वेशात आणि काळ्या मुखवट्यात, डॉक्टर काळ्या झग्यात. इटालियन नटांना चौदाव्या लुईनं १६९७ मध्ये पॅरिसबाहेर काढलं होतं. राजा १७१५ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी रीजंटनं, म्हणजे बालराजाच्या वतीनं कारभार पाहणाऱ्यानं, त्यांना परत बोलावलं. त्यामुळे मधल्या काळात हे वेश वातोला मिळाले ते जत्रांतल्या खेळांतून आणि आपला उस्ताद क्लोद जिलो याच्याकडून. जिलोचा जीव रंगभूमीतच होता.

पुढचा उस्ताद क्लोद ओद्रां. तो लक्झेंबर्ग राजवाड्याचा रखवालदार, आणि त्या राजवाड्यात रुबेन्सनं फ्रान्सची राणी मारी द मेदिचीसाठी केलेली २४ चित्रं टांगलेली होती. तिथे वातोनं काय काय टिपलं याचा एक नमुना: बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यातलं ‘जेर्सांच्या दुकानाची पाटी’ हे वातोचं चित्र पाहा (जेर्सां हा चित्रविक्रेता). उजव्या कोपऱ्यात अंग चाटत बसलेला कुत्रा थेट रुबेन्सच्या मारीच्या राज्याभिषेकातून आला आहे.

हे सगळं जमवायची त्याची पद्धत सर्वांत महत्त्वाची. वातोचा मित्र काउंट केलुस यानं १७४८ मध्ये अकादमीत वातोवर व्याख्यान दिलं, त्यात ती सांगितली आहे. वातो वहीत माणसं रेखाटत राही, कुठल्याही चित्राचा विचार न करता. चित्र करायची वेळ आली की आधी निसर्गाची पार्श्वभूमी ठरवायची, मग वही उघडून तिच्यात बसतील त्या आकृत्या निवडायच्या. केलुसची तक्रार अशी की त्यामुळे त्याच्या रचनांना काही विषयच नसतो.

आता याच माहितीनं चित्र पुन्हा बघा. शेजारी बसलेल्या दोघांची नजर जुळत नाही, कारण ती दोघं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पानांवर काढलेली असतात. एखादी बाई मागे वळून बघते, पण तिथे बघण्यासारखं कुणी नसतं. तुमचा तो ‘उदास गोडवा’ बराचसा या जुळवाजुळवीतून येतो. केलुसला जो दोष दिसला त्यानंच चित्र उघडं राहतं, असं मला वाटतं. वातो दुःखी होता, क्षयानं ३६व्या वर्षी गेला, म्हणून चित्रं उदास, हे स्पष्टीकरण मला फार सोयीचं वाटतं.

---

गेरूकाम

चौथ्या प्रश्नाबद्दल.

कागद: पांढरा अजिबात नको. बदामी किंवा फिकट मातकट, किंचित खरखरीत, १२० ते १६० जीएसएमचा. साधारण २५ × ३५ सेंमीचा तुकडा पुरतो. कागद पांढरा असला तर पांढऱ्या खडूला कामच उरत नाही. आणि गुळगुळीत असला तर खडू घसरतो, रेघ तुटक येते.

खडू तीन. लाल म्हणजे गेरूचा (दुकानात सँग्वीन मागा), काळा आणि पांढरा. त्याच्या काळी काळा खडू म्हणजे खाणीतून येणारा मऊ काळा दगड. आज त्याच्या जागी कॉन्टेची काळी कांडी चालते. लाकडी कोळसा नको, तो फार भुसभुशीत. टोक वाळूकागदावर तिरकं घासून छिन्नीसारखं करा: कडेनं बारीक रेघ, पसरट बाजूनं छटा.

क्रम:

लालनं सुरू करायचं. चेहरा, मान, हात, बोटं आणि आकृतीचा एकूण झोक लालनंच. अंगाच्या रंगासाठी कागदाचा बदामी आणि गेरूचा लाल एवढं पुरतं, म्हणूनच ही जोडी इतकी चालते.

नंतर काळा, आणि अगदी मोजका. केसांचा अंबाडा, डोळ्याची बाहुली, नाकपुडी, ओठांमधली फट, टोपीची कड, झग्याच्या चुणीतली खोल सावली. काळा सगळीकडे फिरवला की लाल मळतो आणि चेहरा आजारी दिसतो.

शेवटी पांढरा, तोही फक्त जिथे उजेड ठरतो तिथे: कपाळ, नाकाचा शेंडा, गळ्याची हाडं, रेशमाच्या घडीची धार. लालवर पांढरा घासू नका. गुलाबी लगदा होतो आणि तो निघत नाही. कागद मोकळा ठेवून त्यावर पांढरा टेकवायचा.

विद्यार्थ्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे बोटानं चोळणं. वातोही कधी कधी छटा चोळायचा, पण त्याच्या कागदाचं चैतन्य रेघेत आहे: तिरप्या, समांतर, कपड्याच्या वळणाबरोबर वळणाऱ्या रेघा. चोळल्यावर त्या मरतात. गडद लाल हवा असेल तर खडूचं टोक किंचित ओलं करून रेघ ओढा, तोही त्याचाच प्रकार.

फिक्सेटिव्ह (खडू कागदावर पक्का करणारा फवारा) मारायचं असेल तर लाल-काळ्याचं काम झाल्यावर, ३० सेंमी अंतरावरून, एक हलका थर. वाळला की मग पांढरा. पांढऱ्यावर मारलं तर तो पारदर्शक होऊन जवळजवळ नाहीसा होतो, आणि मुलं म्हणतात खडू खराब आहे.

सरावासाठी पूर्ण दृश्य देऊ नका. एकाच कागदावर एकाच डोक्याच्या चार दिशा द्या: समोरून, बाजूनं, पाऊण वळलेली, पाठमोरी मान. त्याच्या उपलब्ध साडेसहाशेहून जास्त रेखाटनांत अशी पानं बरीच आहेत. मग दुसऱ्या दिवशी निसर्गाची एक चौकट देऊन त्या डोक्यांतली दोन तिच्यात बसवायला सांगा. चित्रवाचक यांनी न जुळणाऱ्या नजरेबद्दल जे लिहिलंय ते वेगळं समजवावं लागणार नाही.

---

वार्निश_काढा

पाचवा प्रश्न. इथेही केलुसच साक्षीदार. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वातो पॅलेट क्वचितच साफ करायचा, रंग नव्यानं न मांडता कित्येक दिवस तसाच चालवायचा, आणि ज्या तेलाच्या भांड्याचा इतका वापर तेच धुळीनं आणि कुंचल्यातून उतरलेल्या रंगांनी भरलेलं असायचं. घाईत असला की अख्ख्या चित्रावर तेलाचा हात फिरवायचा आणि वरून रंगवायचा.

हे तेल साधं नसे. मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, घालून उकळलेलं जाडसर तेल. त्यानं रंग लवकर सुकतो, पण तेलाचा जाड थर आधी वरून सुकतो. वरची साय घट्ट होते आणि खालचा थर ओलाच राहतो. पुढे कित्येक महिने खालचा थर आकसत जातो आणि वरची साय फाटते. तैलरंगाचा पहिला धडा ‘खाली कमी तेल, वर जास्त तेल’ हा याचसाठी असतो. वातोनं खालीही जास्त घातलं, वरही जास्त घातलं आणि मधे थांबला नाही.

तडे दोन जातींचे असतात, ते वेगळे ओळखा. वयानं पडलेले तडे बारीक, धारदार, जाळीसारखे. ते अस्तरापर्यंत, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या लेपापर्यंत, जातात. सुकण्याच्या दोषानं पडलेले रुंद, गोल कडांचे, मगरीच्या पाठीसारखे, आणि त्यांच्या फटीतून खालचा रंग डोकावतो. वातोच्या झाडोऱ्यात आणि आकाशात या दुसऱ्या जातीचे शोधा. चेहऱ्यांवर त्रास कमी, कारण तिथे सफेता भरपूर असतो. शिशाचा पांढरा नीट सुकतो आणि थर टणक करतो. त्यामुळे कधी कधी चेहरे ताजे आणि भोवतालची बाग तपकिरी चिखल, असं विचित्र दृश्य दिसतं. तो परिणाम मुद्दाम साधलेला समजून त्यावर भाष्य करू नका.

मळक्या तेलाचा दुसरा परिणाम: सावल्या एकजीव तपकिरी. तिसरा दोष त्याचा नाही, वार्निशचा. पिवळं पडलेलं वार्निश निळ्याला हिरवट आणि पांढऱ्याला लोण्यासारखं करतं. पिएरोच्या पांढऱ्या कपड्यांचा ‘मधाळ’ रंग ज्यांनी जुन्या छायाचित्रांवरून वर्णन केला असेल त्यांनी आता पुन्हा बघावं. चित्र साफ होऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये लूव्रमध्ये परत मांडलं गेलं आणि पांढरा बराच थंड निघाला. तुमच्या टिपणात जुनं छायाचित्र वापरू नका.

जाता जाता: ‘लँदिफेराँ’ हे वातोचं २५ सेंमी उंचीचं फळीवरचं चित्र १९३९ च्या जूनमध्ये लूव्रमधून चोरीला गेलं आणि ऑगस्टमध्ये चोरानंच आणून दिलं. म्हणे, आधीची डागडुजी वाईट होती म्हणून त्यानं ते सुधारलं! असे हितचिंतक नकोत.

रंगांबद्दल एक उपयोगी गोष्ट. प्रशियाच्या राजांच्या संग्रहातल्या वातो, लांक्रे, पातेर यांच्या चित्रांच्या तपासणीत प्रशियन निळा सापडला आहे. हा रंग बर्लिनमध्ये १७०६ च्या सुमारास तयार झाला, म्हणजे वातोच्या हाती आला तेव्हा नवाकोरा होता. ‘त्या काळी हा निळा नव्हताच, म्हणून चित्र नकली’ असा तर्क चालणार नाही.

---

लाल_शाई

तिसऱ्या प्रश्नावर वाद घालायचा तर आधी चित्र उजवीकडून डावीकडे वाचा. लूव्रच्या चित्रात उजव्या टोकाला गुलाबांनी मढवलेला व्हीनसचा अर्धपुतळा. त्याच्या पायथ्याशी एक जोडपं बसलेलं, तो तिच्या कानाशी. दुसऱ्या जोडप्यात तो तिला हात देऊन उठवतोय. तिसरं चालू लागलंय, त्याच्या हातात काठी, आणि ती मागे वळून बघतेय. मग उतार, घोळका, आणि डावीकडे नाव. शिल्पकार रोदँनं ही तीन जोडपी म्हणजे एकाच जोडप्याचे लागोपाठचे क्षण असं वाचलं होतं: मनधरणी, होकार, प्रस्थान.

१९६१ मध्ये कलाइतिहासकार मायकल लेव्हीनं नवं म्हणणं मांडलं. व्हीनसचा पुतळा इथे आहे, गुलाब वाहून झाले आहेत, जोड्या जुळल्या आहेत, मग हेच सिथेरा. ही माणसं परत निघाली आहेत, म्हणून ती मागे बघते.

मला हे पटतं, पण पूर्ण नाही. नोंदवहीत ‘बेटाची यात्रा’ होतं. दुसरी आवृत्ती बर्लिनला आहे. तिच्यावरून तार्दियनं १७३३ मध्ये केलेल्या छापचित्राचं नाव ‘सिथेराकडे प्रस्थान’, आणि वातोच्या मित्रमंडळींत कुणाला त्यात चूक वाटल्याचं दिसत नाही. यात्रेकरूची काठी आणि खांद्यावरची छोटी केप यांचं मूळ रंगभूमीवर शोधतात. दांकूरच्या १७०० च्या ‘तीन चुलतबहिणी’ या नाटकात सिथेराला जाणारे यात्रेकरू येतात.

---

चित्रवाचक

लाल_शाई, ‘जाणं की येणं’ हा प्रश्न वातोच्या पद्धतीला लागूच होत नाही. आकृत्या वहीतून आल्या, पुतळा बागेच्या चित्रांतून आला, नाव नाटकातून. दिशा पक्की करायची असती तर त्यानं बर्लिनच्या आवृत्तीत ती केली असती. तिथे त्यानं शिडाची डोलकाठी उभारली, बालमदनांचा थवा वाढवला, व्हीनसचा पुतळा पूर्ण केला, आणि तरी संदिग्धता तशीच ठेवली.

---

लाल_शाई

‘पद्धतच तशी’ म्हटलं की सगळंच सुटतं. नोंदवही आणि छापचित्र दोन्ही ‘जाणं’ म्हणतात, हे टिपणात असावं. लेव्हीचं म्हणणं त्याखाली. वाचणारा ठरवेल.

---

चित्रवाचक

मान्य.

दुसरा प्रश्न राहिलाच. पातेर आणि लांक्रे.

पातेर (१६९५–१७३६) वातोच्याच गावचा, व्हॅलेन्सिएनचा, आणि त्याचा एकमेव शिष्य. खुणा: चेहरे एकसारखे, बटणासारखे डोळे, लहान डोकी. हात पिसासारखा हलका, झटपट; फिकट निळा आणि गुलाबी जास्त. स्नान करणाऱ्या स्त्रिया आणि सैनिकांच्या छावण्या हे त्याचे लाडके विषय. गर्दी असते, पण प्रत्येक आकृतीला वजन नसतं. वातोच्या बाईनं कूस बदलली तर पाठीचा कणा कपड्याआडून कळतो. पातेरच्या झग्यात बाई आहे की नुसता झगा, असा प्रश्न पडतो.

लांक्रे (१६९०–१७४३) जिलोच्या हाताखालचा, वातोचा शिष्य नव्हे. त्याच्याकडे रंग झळझळीत, आकृत्या स्पष्ट आणि मुख्य म्हणजे काहीतरी घडतं. झोका चालू आहे, आंधळी कोशिंबीर चालू आहे, नर्तकी कामार्गो नाचते आहे आणि ती कामार्गोच आहे हे ओळखू येतं. वातोच्या बाबतीत ‘हा नट अमुक’ हे ठरवायला अभ्यासकांचे शेकडो कागद खर्च झाले. फ्रान्समधल्या शांतियीच्या संग्रहातलं लांक्रेचं १७३५ चं ‘हॅमची न्याहारी’ शेजारी ठेवा. बाटल्या, मांस, टेबलाभोवतीची मंडळी. इतका उघड आनंद वातोला सोसला नसता.

---

रंगफळी

सगळ्यांचे आभार. एक अडचण. जुन्या छापचित्रांशी रेखाटनं जुळवून बघतोय, पण काही आकृत्या उलट्या दिसतात. गिटार डाव्या हातानं वाजवणारा माणूसही सापडला. वातो दोन्ही बाजूंनी काढायचा का?

---

गेरूकाम

दोन वेगळी कारणं आहेत, गल्लत करू नका.

एक, छापचित्र. तांब्याच्या पत्र्यावर सुलट कोरलं की कागदावर उलटं उमटतं. वातोचा मित्र आणि संग्राहक ज्यां द ज्युलिएन यानं वातोच्या मृत्यूनंतर त्याची रेखाटनं १७२६ आणि १७२८ च्या दोन खंडांत कोरून घेतली, साधारण ३५० पत्रे, त्यांतले शंभराहून अधिक चित्रकार बुशेनं तरुणपणी कोरलेले. पुढे चित्रंही कोरून घेतली. कोरणाऱ्यानं आधीच उलटवून घेतलं नसेल तर आकृती आरशातली होते. तुमचा डावखुरा गिटारवाला बहुधा तोच. तलवार कुठल्या कमरेला आहे, अंगरख्याची बटणं कुठल्या बाजूला आहेत, हेही तपासा. संगणकावर आडवं पलटवूनच तुलना करा.

दोन, उलट ठसा. लाल खडूच्या रेखाटनावर ओलसर कागद ठेवून दाबलं की फिकट, उलटी प्रत निघते. वातोच्या रेखाटनांच्या अशा प्रती आहेत. ओळखायची खूण: रेघ सपाट, दाबाचा चढउतार नाही, कागदाच्या खाचांत खडू शिरलेला दिसत नाही. आणि रेघांची दिशा बघा. उजव्या हातानं मारलेल्या तिरप्या रेघा बहुधा डावीकडे खालून उजवीकडे वर जातात. त्या उलट दिशेला झुकल्या असतील तर आधी उलट ठसा समजा, डावखुरा चित्रकार नंतर.